प्लॅटिनमचाही भाव छापा

महोदय,

आमचा गलाईचा, म्हणजे सोनं-चांदी वितळवून शुद्ध करण्याचा, धंदा पिढीजात. सोनं १०६४ अंशांना मुशीत पाण्यासारखं होतं. प्लॅटिनमला १७६८ अंश लागतात, साध्या भट्टीला ते दाद देत नाही. हल्ली साखरपुड्याला त्याच्या अंगठ्या घेतात, पण भाव कशानं हलतो हे गिऱ्हाइकाला कुणी सांगत नाही. खाणीतून निघणारं बहुतांश प्लॅटिनम दक्षिण आफ्रिकेचं. २००८ मध्ये तिथं विजेअभावी खाणी थांबल्या, मार्चमध्ये भाव औंसाला २,२०० डॉलरवर गेला. पुढं मंदीत गाड्यांचा खप बसला आणि वर्षअखेर तो हजाराखाली आला, कारण डिझेल गाड्यांचा धूर शुद्ध करायला हाच धातू लागतो. सोन्याचं तसं नाही. कृपया सोन्या-चांदीशेजारी प्लॅटिनमचाही दर, शक्यतो मोडीचा (जुना दागिना विकताना मिळणारा), रोज छापावा.

– एक गलाई व्यावसायिक, विटा (जि. सांगली)