मा. आरोग्यमंत्री साहेब, गोळ्या तुटल्या की माणूस परत आजारी पडतो

प्रति,
मा. सार्वजनिक आरोग्यमंत्री,
महाराष्ट्र राज्य

साहेब, नमस्कार.

राजापूर तालुक्यात खाडीच्या काठावर माझं मेडिकल स्टोअर आहे. तुम्ही या खात्याचे मंत्री म्हणून तुम्हालाच लिहितेय, आणि आमच्या इकडच्या लोकांनीही वाचावं म्हणून उघड लिहितेय. मागणं एकच आहे. मानसिक आजाराच्या गोळ्या मध्येच तुटता, म्हणजे बंद पडता कामा नयेत, आणि तुटल्या की नाही हे सरकारने मोजायला पाहिजे. तुमच्याकडे शिबिरांचे आकडे येत असतील, किती गावात जनजागृती झाली, किती लोक तपासले वगैरे, पण मागच्या वर्षी ज्याला स्किझोफ्रेनियाचं (भास-भ्रम होणारा मोठा मानसिक आजार) औषध सुरू केलं तो माणूस आज ते घेतोय का, कामाला जातोय का, घरात जेवायला सगळ्यांबरोबर बसतोय का, हे कोण बघतं?

औषध बंद केल्यावर काय होतं ते संशोधनात अगदी स्पष्ट झालंय. 2012 साली लॅन्सेट या मेडिकल जर्नलमध्ये 65 ट्रायल्सचा, म्हणजे पेशंट्सवर केलेल्या चाचण्यांचा, एकत्र हिशोब छापून आला. स्किझोफ्रेनियाचे पेशंट, औषधाने सावरलेले, त्यातल्या काहींचं औषध चालू ठेवलं आणि काहींना नुसती डमी गोळी दिली. वर्षभरात डमी गोळीवाल्यांपैकी 64 टक्के लोकांचा आजार उलटला, औषध चालू होतं त्यांच्यात 27 टक्के. म्हणजे औषध घेऊनही काहींना त्रास होतोच, हे मी लपवत नाही, पण 27 आणि 64 मधला फरक म्हणजे कितीतरी घरं आहेत साहेब. आणि तो फरक बहुतेक वेळा ज्या गोळीवर अवलंबून असतो ती काही महाग नसते. रिस्पेरिडोन, ओलान्झापिन, हॅलोपेरिडॉल ही सगळी जुनी औषधं आहेत, जेनेरिकमध्ये मिळतात.

मग का तुटतात? काउंटरच्या या बाजूला उभं राहिलं की कळतं. एक तर बरं वाटायला लागलं की घरचेच म्हणतात आता कशाला, किती दिवस झोपेच्या गोळ्या घालणार त्याला. डॉक्टरने घाईत दोन मिनिटं दिलेली असतात, गोळी किती दिवस घ्यायची हे सांगितलेलंच नसतं, किंवा सांगितलं तरी समजलेलं नसतं. दुसरं म्हणजे साईड इफेक्ट. ओलान्झापिनने वजन वाढतं, हॅलोपेरिडॉलने हात थरथरतात, अंग आखडतं, आणि यावर उपाय असतो, डोस कमी करता येतो, औषध बदलता येतं, पण ते विचारायला पेशंटने रत्नागिरी गाठायची किंवा अणुस्कुरा घाट चढून कोल्हापूर गाठायचं. एका माणसाची मजुरी बुडते, सोबत येणाऱ्याची बुडते, शिवाय एसटीचं भाडं आणि बाहेरचं खाणं. बोटीवर खलाशी म्हणून जाणारा मुलगा असेल तर आणखीनच कठीण, तो ऑगस्टमध्ये सीझन सुरू झाला की समुद्रावर, रात्री जाळं ओढायचं असतं आणि गोळीने डोळे मिटतात, तो गोळी खिशातच ठेवणार. अशांसाठी महिन्याचं इंजेक्शन असतं, फ्लुफेनाझिन डेकॅनोएट, दोन ते चार आठवड्यांनी एकदा घ्यायचं. आमच्या पीएचसीतल्या (प्राथमिक आरोग्य केंद्र) सिस्टर ते सहज देऊ शकतील, फक्त ते तिथे असायला पाहिजे.

तिसरं कारण सगळ्यात संतापजनक. सरकारी दवाखान्यात गोळी शिल्लक नसते. माणूस पैसे खर्च करून गेला, लाईन लावली, आणि तिथून चिठ्ठी मिळाली की बाहेरून घ्या. तो चिठ्ठी घेऊन माझ्याकडे येतो, महिन्याचं लिहिलेलं असतं आणि दहा दिवसांचं मागतो, उरलेलं नंतर नेतो म्हणतो. बरेच जण नंतर येतच नाहीत.

आणि साहेब, कायदा यावर गप्प नाहीये. मानसिक आरोग्य सेवा कायदा 2017 चं कलम 18 वाचा. आवश्यक औषधांच्या यादीतली औषधं ग्रामीण रुग्णालयापासून वरच्या सगळ्या सरकारी दवाखान्यांत मोफत आणि कायम मिळाली पाहिजेत असं त्यात आहे. उपचारासाठी कोणाला लांबचा प्रवास करावा लागू नये, सेवा राहत्या जागेच्या जवळ पाहिजे, हेही आहे. इतकंच काय, जिल्ह्यात सरकारच्या किमान सेवा मिळत नसतील तर माणसाने त्याच जिल्ह्यात दुसरीकडे उपचार घ्यावेत आणि खर्च सरकारने भरून द्यावा असंही त्यात लिहिलंय. माझ्या दुकानात येणाऱ्या एकाही माणसाला हे माहीत नव्हतं. माहीत असेल तरी अर्ज कोणाकडे करायचा? त्याचा साधा एक पानाचा फॉर्म मराठीत काढा आणि प्रत्येक ग्रामीण रुग्णालयात केसपेपरच्या खिडकीवर ठेवा, एवढं तर खर्चाशिवाय होईल.

आता मला ठाऊक आहे उत्तर काय येतं, सायकियाट्रिस्ट कोकणात यायला तयार नाहीत. खरं आहे ते. देशातच एक लाख लोकांमागे एकही सायकियाट्रिस्ट नाही, तिथे आमच्या पीएचसीला कुठून येणार. पण सगळं काम सायकियाट्रिस्टनेच करावं लागतं असं नाही, हे आमच्या शेजारी गोव्यात सिद्ध झालंय. तिथे संगत नावाची संस्था आहे, डॉ. विक्रम पटेल वगैरे लोकांनी सुरू केलेली. त्यांनी मानस नावाची ट्रायल केली, 2010 मध्ये लॅन्सेटला आली. डिप्रेशन आणि चिंतेच्या पेशंट्ससाठी गावातल्याच, डॉक्टर नर्स काहीही नसलेल्या माणसांना ट्रेनिंग दिलं, ते समजावून सांगायचे, फोन करून चौकशी करायचे, गरज लागली तर डॉक्टरकडे पाठवायचे. सरकारी केंद्रांमध्ये सहा महिन्यांनी अशा पेशंट्सपैकी जवळपास 66 टक्के बरे झालेले होते, नेहमीच्या पद्धतीने उपचार घेणाऱ्यांपैकी साडेबेचाळीस टक्के. आणि मजा बघा, खाजगी डॉक्टरांकडे असा फरक दिसला नाही. हे तुमच्या खात्याला केवढं बळ देणारं आहे! या पद्धतीचा फायदा दिसला तो सरकारी केंद्रातच, आणि आमच्याकडे लोक सरकारी म्हटलं की नाक मुरडतात.

डिप्रेशनचं ठीक, पण मोठ्या आजाराचं काय, असं कोणी म्हणेल. तर त्याचीही ट्रायल झालीय, 282 स्किझोफ्रेनियाचे पेशंट, गोवा, तामिळनाडू आणि आपल्याच राज्यातला सातारा. दवाखान्यातले उपचार चालू ठेवून वर गावातला प्रशिक्षित माणूस घरी जाणार, गोळ्यांची आठवण, घरच्यांशी बोलणं, कामधंद्याला परत लावणं. 2014 मध्ये निकाल आला. फायदा मर्यादित होता, मी फुगवून सांगत नाही, पण होता, आणि सगळ्यात जास्त दिसला तो तामिळनाडूच्या ग्रामीण भागात, जिथे आधी सोयीच फारशा नव्हत्या. आमचा भाग तसाच आहे. आणि विदर्भात अमरावती जिल्ह्यात 30 गावांत विश्राम नावाचा कार्यक्रम झाला, तिथे डिप्रेशन असलेल्या लोकांपैकी मदत घेणारे आधी फक्त 4.3 टक्के होते ते दीड वर्षात 27 टक्क्यांवर गेले. महाराष्ट्रातच झालंय हे, मराठी बोलणाऱ्या माणसांनी केलंय. कोकणात का नाही?

उलट आमच्याबद्दल माहितीच गोळा होत नाही. निम्हान्स या बंगळुरूच्या मानसिक आरोग्य संस्थेने 2015-16 मध्ये जो राष्ट्रीय मानसिक आरोग्य सर्व्हे केला तो 12 राज्यांत केला आणि त्यात महाराष्ट्र नव्हता. म्हणजे 10.6 टक्के प्रौढांना मानसिक आजार आहे आणि त्यातल्या बहुतेकांना उपचारच मिळत नाहीत, हे जे आपण भाषणात वापरतो ते दुसऱ्यांच्या घरातले आकडे आहेत. इथे निसर्ग वादळ आलं 2020 ला, पुढच्या वर्षी तौक्ते, मग त्याच जुलैत चिपळूणचा पूर आणि महाडजवळ तळियेची दरड. नारळी-पोफळीच्या बागा आडव्या झाल्या, बोटी फुटल्या, माणसं गेली. पंचनामे झाले, भरपाई आली थोडीफार, पण त्यानंतर किती लोकांची झोप उडाली, किती जण पिऊ लागले, याचा पंचनामा कुठे आहे?

लोकलज्जेबद्दल लिहिल्याशिवाय हे पत्र अर्धवट राहील. माझ्याकडे लोक गोळ्या घ्यायला संध्याकाळी गिऱ्हाईक नसताना येतात. पाकीट नको, पेपरात गुंडाळून द्या म्हणतात. काही जण तर मुद्दाम दुसऱ्या तालुक्यातून घेतात, जिथे ओळख नाही. आणि सोयरीक जमत असली की समोरच्या पार्टीची माणसं येऊन हळूच विचारतात, तो मुलगा कसल्या गोळ्या नेतो का हो तुमच्याकडून. मी सांगत नाही. तो माझा धर्म आहे आणि याच कायद्याने पेशंटला गुप्ततेचा हक्कही दिलाय. पण विचारणाऱ्याच्या चेहऱ्यावर जे असतं त्याने वाईट वाटतं, कारण मला माहीत असतं की तो मुलगा कितीतरी दिवस व्यवस्थित कामाला जातोय, आणि तो बरा राहिलाय तो याच गोळ्यांमुळे. म्हणजे ज्या गोळीने त्याला उभं केलं तीच लपवायची, आणि लपवता लपवता एक दिवस बंद करायची.

मघाशी सांगितलेल्या त्याच 282 पेशंट्सना लोकांच्या वागण्याबद्दलही विचारलं होतं. 42 टक्के म्हणाले लोकांनी आम्हाला वाईट वागवलं. पण 79 टक्क्यांना आतूनच आपण वेगळे पडलोय असं वाटत होतं. म्हणजे कोणी काही बोललं नाही तरी माणूस स्वतःच कोपऱ्यात जातो. त्यामुळे नुसत्या पोस्टरने काही होणार नाही साहेब. 2022 मध्ये लॅन्सेटच्याच एका आयोगाने याच विषयावर मोठा अहवाल दिला, त्यात सगळ्यात परिणामकारक उपाय सांगितला तो म्हणजे आजारातून गेलेल्या माणसाशी प्रत्यक्ष भेट, बोलणं. जो सावरलाय त्याने ग्रामसभेत, बचत गटात, हायस्कूलमध्ये येऊन बोलावं. त्यासाठी त्याला मानधन द्या, प्रवासखर्च द्या, फुकट राबवू नका. कोणावर जबरदस्ती नको, हे पण लिहिते, कारण सरकारी टार्गेट आलं की माणसांना स्टेजवर ढकलायला सुरुवात होते.

देवळाचंही बोलते. आमच्याकडे आधी देवाला कौल लावतात, गाऱ्हाणं घालतात, बाहेरचं काही लागलंय का बघतात, मग कधीतरी डॉक्टर. यावर शहरातले लोक चिडतात. साखळीने बांधणं, मारणं, चटके देणं हे गुन्हेच आहेत, 2013 चा जादूटोणाविरोधी कायदा आहे, 2017 च्या कायद्यातही साखळीला साफ बंदी आहे, आणि तमिळनाडूत एरवाडीला 2001 मध्ये साखळीने बांधलेली 28 माणसं आगीत गेली ते विसरता येणार नाही. तिथे दया माया नको. पण साधं गाऱ्हाणं घालणारा गुरव काही शत्रू नाही. गुजरातमध्ये मीरा दातार दर्ग्यात दवा आणि दुआ एकत्र सुरू केलं, तिथेच ओपीडी. आमच्या गुरवांना, मानकऱ्यांना एकदा बसवून नीट सांगा की देवाचं करा आणि सोबत पीएचसीत पण पाठवा. ते ऐकतील. गावात त्यांच्या शब्दाला वजन आहे, माझ्या आणि तुमच्या शब्दापेक्षा जास्त.

14416 हा टेलिमानसचा, म्हणजे सरकारच्या मानसिक आरोग्य हेल्पलाईनचा, फोन नंबर चांगला आहे, मी दुकानात लावलाय. पण फोनवरून रक्त तपासता येत नाही. लिथियम (मूड खूप वर-खाली होणाऱ्या आजाराचं औषध) घेणाऱ्या माणसाच्या रक्तातली त्या औषधाची पातळी मधून मधून बघावीच लागते, त्यात तो उन्हात घाम गाळून आला, पाणी कमी प्यायला, वर अंगदुखीवर कोणाकडून तरी ब्रुफेनची गोळी घेतली तर लिथियम वाढून विषबाधा होऊ शकते. मी विचारून घेते, प्रत्येक दुकानदार विचारेलच असं नाही. ही तपासणी निदान उपजिल्हा रुग्णालयात व्हायला पाहिजे.

तर काय करा. पावसाच्या आधी आम्ही जशी आगोट भरतो, तांदूळ, सुकी मासळी, मीठ, मिरची, तशी 31 मे च्या आत प्रत्येक ग्रामीण रुग्णालयात आणि पीएचसीत या औषधांची तीन महिन्यांची भरती करा, कारण जून-जुलैत घाट बंद पडतो, एसटी रद्द होते, आणि आजार काही पाऊस बघून थांबत नाही. प्रत्येक पीएचसीला एक स्थानिक माणूस नेमा, ट्रेनिंग द्या, नियमित पगार द्या, आशाताईंच्या डोक्यावर आणखी एक रजिस्टर ठेवू नका, त्यांचं ओझं आधीच पुष्कळ आहे. आणि त्या माणसाने दर महिन्याला एवढंच लिहायचं, औषध चालू की बंद, बंद तर का, कामाला जातो की नाही. नाव गुप्त ठेवून तालुक्याचा आकडा दर तीन महिन्यांनी जाहीर करा. रत्नागिरी आणि सिंधुदुर्गपासून सुरुवात करा. पहिल्या वर्षी आकडे वाईट येतील, येऊ देत, त्यावरून कोणाला शिक्षा करू नका, नाहीतर दुसऱ्या वर्षी खोटे चांगले आकडे येतील.

पुढच्या अधिवेशनात या औषधांचा साठा कोकणातल्या कुठल्या रुग्णालयात किती दिवस शून्य होता त्याची यादी पटलावर ठेवा, ही विनंती आहे. तुमच्या खात्याकडे औषधसाठ्याची नोंद असतेच, ती फक्त काढून बघायची आहे.

आपली,
एक औषध विक्रेती
ता. राजापूर, जि. रत्नागिरी