आण्णांच्या केसपेपरआधीचं

कोल्हापूर,
9 ऑगस्ट 2021

प्रिय बंड्या,

पूर ओसरला, पण घरातला चिखल काढण्यात बरेच दिवस गेले, म्हणून उशीर. तू व्हॉट्सॲपवर विचारलंस, "तू त्याच वॉर्डात ब्रदर होतास, खरं सांग, आण्णा कशानं गेले?" दोन ओळी टाइप करून पुसल्या. ते तिथं लिहवेना.

कागदावर कोविड न्यूमोनिया आहे. पण केसपेपर ॲडमिशनपासून सुरू होतो आणि आण्णांचं दुखणं त्याच्या आठ दिवस आधीचं. गावच्या डॉक्टरांनी रक्त तपासून टायफॉइड सांगितला, सलाईन लावलं, दुसऱ्या दिवसापासून स्टिरॉइड. ताप उतरला, घरात सगळे निवांत. स्टिरॉइडचा उपयोग होतो तो ऑक्सिजन लागणाऱ्या पेशंटला. इंग्लंडमधल्या मोठ्या चाचणीत हे जून 2020 मध्येच दिसलं होतं, आणि बाकीच्यांना फायदा नाही हेही त्यातच होतं. त्यात आण्णांची जुनी शुगर, ती स्टिरॉइडनं आणखी चढते. आमच्याकडं आले तेव्हा शुगर 460 आणि ऑक्सिजन 68.

68 ला माणूस आडवा पडलेला असेल असं वाटतं ना? आण्णा स्ट्रेचरवर बसून मला विचारत होते, "काय रं, पगार वेळेवर हाय न्हवं?" हा रोग दगाबाज तो इथं. फुफ्फुसं भरत येतात आणि दम लागत नाही, मग घरचे म्हणतात चालतंबोलतं माणूस आहे की. तुमच्या गल्लीला ऑक्सिमीटर एकच, तोही आशाताईंच्या पिशवीत. "दवाखान्यात नेऊ नका, गेलेला परत येत नाही," असं तू म्हणालास, ते मनाला लावून घेऊ नको. तेव्हा गावोगाव तेच बोललं जात होतं. पण ते दिवस हातचे गेले, हे तुझ्यापासून झाकणारही नाही.

आता आमच्या बाजूचं. जूनमध्ये राज्यात इतर ठिकाणी आकडे उतरत होते, आपला जिल्हा मात्र वरच. वॉर्डात 42 पेशंट, रात्रीला आम्ही दोघं. ऑक्सिजनचं गणित तुला सांगतो. जंबो सिलिंडरमध्ये साधारण 7000 लिटर. मिनिटाला 15 लिटर सोडला तर आठ तासही नाही, हाय-फ्लो मशीन 60 वर लावलं तर दोन तासांच्या आत खलास. एप्रिलमध्ये नाशिकला टाकी गळून दाब पडला आणि एका दिवसात 22 माणसं गेली. तेव्हापासून मला झोपेतसुद्धा गेजचा काटा दिसायचा. तरी सांगतो, आमच्याकडं ऑक्सिजन संपला नव्हता. तुझा भाऊ गावभर तसं बोलत फिरतोय, त्याला सांग.

आण्णा गेले ते संडासला उठून.

तिसरी रात्र, पहाटे साडेतीनचा सुमार. ऑक्सिजनचा मास्क काढून उशीवर ठेवलेला, इलॅस्टिक नीट गुंडाळून. आण्णांची शिस्त तुला माहीतच आहे. दहा-बारा पावलं चालले असतील. त्याच वेळी दुसऱ्या टोकाला आम्ही एका बाईंना पालथं झोपवत होतो, आणि ते काम एकट्याचं नव्हे. बेडपॅन द्यायला मावशी नाही, नातेवाइकांना आत सोडत नव्हतो. उचलून आणून मास्क लावला तेव्हा 41. व्हेंटिलेटर शेजारच्या खोलीतच होता, पण नळी घालणारे डॉक्टर खालच्या मजल्यावर दुसऱ्या पेशंटपाशी. वर यायला वीस मिनिटं लागली.

असे संडासच्या वाटेवर कोसळलेले मी त्या दोन महिन्यांत सहा पाहिले, बंड्या. डेथ ऑडिटला, म्हणजे पेशंट कशानं गेला ते तपासायच्या बैठकीत, हे बोललोही. लिहिलं गेलं, "उशिरा दाखल, मधुमेह." ते खोटं नाही, म्हणून तर भांडताही येईना. पुढच्या आठवड्यात मात्र रात्रीला एक मावशी वाढवून मिळाली आणि दाराशी चाकांवरचा छोटा सिलिंडर आला. एवढंच लागत होतं.

ती रात्र नीट गेली असती तर आण्णा वाचले असते का? 68 वर आलेले, शुगर तसली. कदाचित नाहीच. पण त्या रात्री गेले नसते, हे मी शपथेवर सांगतो.

काकूंनी गेटवर दिलेला डबा माझ्याकडं राहिलाय. झाकणावर आण्णांचं नाव घातलेला, स्टीलचा. धुऊन ठेवलाय. त्यांच्या हातात द्यायला धीर होत नाही. गणपतीला येशील तेव्हा तूच घेऊन जा.

तुझा,
सुऱ्या