कळी आली, सुमे!

टोरांटो, १८ फेब्रुवारी

प्रिय सुमे,

गणपतीपासून पत्र नाही, घाल शिव्या. गुडघे बरे आहेत, ह्यांची साखरही. आता मुद्द्याचं: लिंबाला कळी आली! आपण बिया वाटून घेतल्या होत्या, तेच. घरात सांगितलं तर म्हणे, दुकानात ढिगाने मिळतात.

कळ्या सगळ्या वरच्या हातभर शेंड्यात, खाली एक नाही. म्हणजे कात्रीचं भांडण मी जिंकले. बियांचं झाड नुसत्या वर्षांनी वयात येत नाही. बुडापासून शेंड्यापर्यंत पेरं किती झाली त्यावर ते ठरतं. दरवर्षी शेंडा छाटून तू त्याला गुबगुबीत केलंस. पण खालून फुटणारी फांदी पुन्हा पोरवयाचीच, ते लांब काटे बघ ना. आता एक जोमदार फांदी वाढू दे. छताला टेकली की वाकवून बांध, कापू नकोस. डोळा भरून कलम करायचं तर डोळा फळत्या झाडाचाच हवा. तुझ्याच झाडाचा घेऊन वर्षं वाचत नाहीत. माझी काडी पाठवली असती, पण परवान्याशिवाय ती सीमेपार नेता येत नाही. आणि कस्टमवाल्यांशी तुझं चकलीवरून झालंय ते पुरे.

मला घोर वेगळाच लागलाय. काल चार कळ्या गळल्या. थोडी गळ व्हायचीच, वाटाण्याएवढी फळंसुद्धा बरीच गळतात. पण पानंही पडायला लागली, तेव्हा कुंडीत बोट घातलं. माती बर्फ! खिडकीच्या थंड कट्ट्यावर मुळं १३ अंशांखाली गेली की पाणी नीट ओढत नाहीत, आणि वर उन्हात पानं तर मागतात. आपण पिवळं पान बघून आणखी पाणी घालतो, मुळं कुजतात. कुंडी आता लाकडी पाटावर, काचेपासून दूर. वर दिवा, शेंड्यापासून फूटभर, रोज १२ तास. वरची दोन इंच माती सुकली की खालून वाहीपर्यंत पाणी, नाहीतर थेंब नाही. खत अर्धंच. कोवळी पानं पिवळी आणि शिरा हिरव्या असतील तर लोह कमी, चिलेटेड लोह, म्हणजे झाडाला सहज घेता येतं ते, दे. जुनं पान सगळंच पिवळं पडलं तर नत्र. दोन्हीला एकच बाटली ओतू नकोस, तुझी खोड आहे ती. हीटरच्या कोरड्या हवेत लाल कोळी ही बारीक कीड येते. पानाची पाठ बघत जा, ओल्या फडक्याने पूस.

मधमाशी नसली तरी कागदी लिंबू धरतं. तरी मी ब्रश फिरवते, जिवाला बरं वाटतं.

आपल्याकडे हस्त बहाराला, म्हणजे पावसाळ्यानंतरच्या फुलोऱ्यासाठी, पाणी तोडून ताण देतात तसा देऊ का, असं विचारलं होतंस. कुंडीत नको. वावरातली मुळं खोल असतात, कुंडीतली दोन दिवसांत करपतात. त्यापेक्षा पुढच्या हिवाळ्यात दीडेक महिना १५ अंशांच्या खोलीत ठेव, पाणी कमी कर.

ओंकारचं ठरलं, फार छान. नवं घर दक्षिणमुखी घेतलंस ना? मोठी खिडकी लिंबाला दे, सोफ्याला नको.

तुझी,
नली

ता. क. कुंडीखालच्या बशीतलं पाणी आत्ता जाऊन ओत.