विषय: ‘अपग्रेडेबल’ म्हणून विकलेला लॅपटॉप, ज्यात रॅमचा स्लॉटच नाही

प्रति,
ग्राहक सेवा विभागप्रमुख व उत्पादन विभागप्रमुख

पाचवा फोन आत्ताच संपला, म्हणून हे पत्र. सोल्डर केलेली रॅम, म्हणजे स्लॉटच्या खाचेत न बसवता मुख्य बोर्डवर कायमची डाखलेली, नंतर बदलता येत नाही हे तुम्हाला तरी समजावून सांगावं लागणार नाही असं धरून चालतो. तुमच्या प्रतिनिधीला ते सांगण्यात पाऊण तास गेला.

तुमच्या ‘तुलना करा’ पानावर या १३ इंची मॉडेलच्या दोन आवृत्त्या शेजारी शेजारी आहेत. एक ८ जीबी रॅम आणि २५६ जीबी एसएसडीची, दुसरी १६ आणि ५१२ ची. १६ आणि २५६ अशी मधली सोय नाही, म्हणजे रॅम हवी तर जास्तीच्या स्टोरेजचेही पैसे मोजायचे. बरं. पण दोन्ही रकान्यांत एकच ओळ आहे: ‘मेमरी अपग्रेडेबल, १६ जीबीपर्यंत’. ही ओळ खरी मानली की कोणीही जो हिशेब करेल तोच केला. स्वस्त मशिन, नंतर घालायची रॅमची स्टिक आणि मोठी एसएसडी यांची बेरीज एकीकडे, महाग मशिनची किंमत दुसरीकडे. बेरीज कमी भरली, म्हणून स्वस्त मशिन घेतलं. हिशेबात चूक नव्हती. त्यातली एक वस्तू या मशिनला लागतच नाही, एवढंच तुमच्या पानानं सांगितलं नाही.

टास्क मॅनेजर उघडून ‘परफॉर्मन्स’मध्ये ‘मेमरी’ पाहिलं की ‘फॉर्म फॅक्टर’पुढे ‘रो ऑफ चिप्स’ असं येतं. रॅम स्लॉटमध्ये बसवलेली असती तर तिथे ‘एसओडीआयएमएम’, म्हणजे लॅपटॉपची काढता-घालता येणारी स्टिक, असं आलं असतं. म्हणजे ही रॅम थेट मदरबोर्डवर सोल्डर केलेली, एलपीडीडीआर५ प्रकारची. त्यात गैर काही नाही, ती वीज कमी खाते आणि बोर्ड पातळ राहतो. छोट्या लॅपटॉपमध्ये ही निवड समजण्यासारखी आहे. फक्त मग ‘अपग्रेडेबल’ हा शब्द तिथे काय करतोय? एकाच नावाखाली तुम्ही दोन वेगळे बोर्ड विकता, एक स्लॉटचा आणि एक सोल्डरचा, आणि फरक मशिनच्या तळाच्या स्टिकरवर, लांबलचक मॉडेल क्रमांकाच्या शेवटच्या अक्षरात. ते अक्षर खोकं फोडल्यावर दिसतं. तुलनेच्या पानावर ते नाही.

आता तो संवाद. तुम्ही कॉल रेकॉर्ड करता ना, ‘गुणवत्तेसाठी’? मग ऐकाच.

“सर, तुमच्या मशिनमध्ये चार स्लॉट आहेत.”
“१३ इंची लॅपटॉपमध्ये रॅमचे चार स्लॉट?”
“स्क्रीनवर काय दिसतंय, वाचा सर.”
“स्लॉट्स यूज्ड, ४ ऑफ ४.”
“बघा. दोन-दोन जीबीच्या चार आहेत. त्या काढून चार-चारच्या घाला, १६ होतील.”

एलपीडीडीआरच्या मशिनवर बायोस, म्हणजे मशिन सुरू करणारा बोर्डवरचा प्रोग्राम, चिपांनाच स्लॉट म्हणून कळवतो आणि विंडोज ते तसंच छापतं. त्याच खिडकीत, दोन बोटांवर, ‘रो ऑफ चिप्स’ लिहिलेलं आहे, हे सांगून झालं. उत्तर आलं, “खात्री करायला मागचं झाकण उघडा, मी होल्डवर आहे.” नऊ स्क्रू, त्यातले दोन मागच्या रबरी पट्टीखाली, तुमच्याच सर्व्हिस मॅन्युअलमध्ये दाखवल्याप्रमाणे. झाकण निघालं. चार चिपा, स्लॉट शून्य. तसं सांगितल्यावर पुढचं वाक्य:

“झाकण उघडलंत? मग सर, वॉरंटी राहणार नाही.”

उघडायला सांगणारा तोच, वॉरंटी काढून घेणारा तोच, आणि मध्ये चार मिनिटंसुद्धा गेली नव्हती. एवढ्या तत्परतेनं तुमच्याकडे दुसरं कुठलंच काम झालेलं नाही.

शेवटी उपाय सुचवला: ‘व्हर्च्युअल मेमरी वाढवा, तीच गोष्ट आहे.’ म्हणजे रॅम कमी पडली की एसएसडीचा तुकडा रॅमसारखा वापरायचा. तीच गोष्ट नाही. रॅममधून माहिती यायला १०० नॅनोसेकंदांच्या आसपास लागतात, एनव्हीएमई, म्हणजे वेगवान प्रकारच्या, एसएसडीतून यायला काही दहा मायक्रोसेकंद, म्हणजे शेकडो पट जास्त. ८ जीबीतला काही हिस्सा इंटिग्रेटेड ग्राफिक्स खातं, ब्राउझरचे पंधरा-वीस टॅब आणि एक व्हिडिओ कॉल झाला की मशिन स्वॅपवर, म्हणजे एसएसडीवरच्या त्या तुकड्यावर, जातं आणि कर्सर अडखळायला लागतो. तीच गोष्ट असेल तर १६ च्या आवृत्तीचे जादा पैसे कशाचे घेता?

एसएसडीचं तरी बरं असेल म्हणावं, तर पानावर नुसतं ‘एम.२ एसएसडी’. एम.२ हा जोडणीचा प्रकार, लांबी त्यातून कळत नाही. स्लॉट २२४२ मापाचा आहे, म्हणजे ४२ मिलिमीटर लांबीचा. दुकानात सहज मिळते ती २२८०, ८० मिलिमीटरची. ती बॅटरीवर आपटते. २२४२ मध्ये पर्याय कमी, किंमत बहुधा जास्त. स्लॉट एकच, त्यामुळे जुनी ड्राइव्ह क्लोन करायला, म्हणजे नव्या ड्राइव्हवर जशीच्या तशी उतरवायला, यूएसबी एन्क्लोजर (ड्राइव्ह बाहेरून जोडायची डबी) लागतं, तेही एनव्हीएमईचं. साटाचं, म्हणजे जुन्या, संथ प्रकारचं, चालत नाही, दोन्हींवर ‘एम.२’ लिहिलेलं असलं तरी. आणि डिव्हाइस एन्क्रिप्शन, म्हणजे ड्राइव्हवरच्या माहितीला लावलेलं कुलूप, चालू असतं, म्हणून ४८ अंकी रिकव्हरी की आधी उतरवून घ्यावी लागते. तुमच्या ‘सोप्या ३ पायऱ्यांत अपग्रेड’ पत्रकात यातलं एक अक्षर नाही. दोन सारख्या दिसणाऱ्या यूएसबी-सी पोर्टांपैकी एकच चार्जिंग आणि मॉनिटर चालवतो, ते तर सोडूनच देतो.

पुन्हा सांगतो, कारण पाच वेळा सांगून नोंद झालेली नाही: सोल्डर केलेल्या रॅमला ‘अपग्रेडेबल’ म्हणून विकलं आहे. ग्राहकाला ८ की १६ हे खरेदीच्या दिवशीच ठरवावं लागतं, नंतर नाही. हे माहीत असतं तर त्या दिवशी १६ घेतली असती.

मागणी एवढीच. किमतीतला फरक घेऊन १६ जीबीचं मशिन द्या, नाहीतर हे परत घ्या आणि पूर्ण रक्कम द्या. झाकण उघडल्यामुळे वॉरंटी गेलेली नाही हे लेखी कळवा. आणि तुलनेच्या पानावर तीन गोष्टी छापा: रॅम सोल्डर की स्लॉट, एसएसडीचं माप, पूर्ण मॉडेल क्रमांक. सात दिवसांत उत्तर आलं नाही तर हेच पत्र, त्या पानाच्या स्क्रीनशॉटसह, ग्राहक आयोगाकडे जाईल. याआधीची दोन मशिनं तुमचीच होती, दोन्हींत स्लॉट होते, म्हणून तर पानावर विश्वास ठेवला.

हे लिहीत असतानाच मेसेज आला: ‘आपली तक्रार सोडवण्यात आली आहे. आमच्या सेवेला किती तारे द्याल?’

मशिन खोक्यात भरून ठेवलं आहे. नऊच्या नऊ स्क्रू जागेवर आहेत. न्यायला याल तेव्हा मोजून घ्या.

एक ग्राहक