'आपले मृत्यू यशस्वीरित्या सादर झाले आहे': मराठी भाषा मंत्र्यांना खुलं पत्र

माननीय मराठी भाषा मंत्री महोदय,

सा. न. वि. वि.

मी सांगली जिल्ह्यातला एक निवृत्त मुद्रितशोधक. 42 वर्षं छापखान्यात दुसऱ्यांच्या चुका काढल्या. वय 71. आपल्याला पत्र लिहिण्याची माझी योग्यता एवढीच, आणि एक म्हणजे सरकारी संगणकाच्या लेखी मी सध्या मेलेलो आहे.

झालं ते असं. आमचे अण्णा, माझे थोरले बंधू, आषाढात गेले. शेताच्या उताऱ्यावर वारस नोंद करायची तर मृत्यूचा दाखला हवा. कार्यालयात गेलो (कोणत्या ते लिहीत नाही, तिथल्या पोरांचा दोष नाही). त्यांनी सांगितलं, काका, आता सगळं ऑनलाइन. पुतण्याला बसवलं. पडद्यावर 'आवेदक' असा एक रकाना होता. आवेदक म्हणजे मीच, अर्ज करणारा, म्हणून पुढच्या यादीतून 'स्वयं' निवडलं. यादीत 'भाऊ' नव्हताच. 'जीवनसाथी' होतं, 'संतान' होतं. मग 'मृतक' नावाचा रकाना आला आणि त्यात माझं नाव आपोआप चढलं. पुतण्यानं घाईत बटण दाबलं. मोबाइलवर निरोप आला: 'आपले मृत्यू यशस्वीरित्या सादर झाले आहे.'

साहेब, सवय वाईट. भावाच्या तेराव्याला 4 दिवस झाले होते, डोळे ओले होते, तरी मला आधी दिसलं ते 'मृत्यू' पुल्लिंगी आहे हे आणि 'रीत्या'तली री दीर्घ हवी हे. नंतर कळलं की मेलोय तो मी.

त्यानंतर 5 खेपा झाल्या. 38 दिवस. एसटी, रिक्षा आणि झेरॉक्स मिळून 640 रुपये. दोन्ही गुडघे गेलेल्या माणसाला दुसऱ्या मजल्यावर 'मी जिवंत आहे' हे सांगायला चढून जावं लागतं. तिथली मुलगी चांगली आहे, पाणी देते, पण म्हणते, 'काका, सिस्टीमच तसं दाखवते.' अण्णांचा दाखला अजून नाही.

पण पत्र लिहायला बसलो ते दाखल्यासाठी नाही. 'दाखला' या शब्दासाठी.

दाखला, वारस, अर्ज, मुदत, मयत. या पाचातला एकही शब्द ज्ञानेश्वरांच्या घरचा नाही. सगळे फारसी-अरबीतून आले, बहामनी आणि आदिलशाही दप्तरांतून उतरून पाटलाच्या चावडीवर बसले. आज आमच्या गावातली निरक्षर म्हातारीसुद्धा 'मयताचा दाखला' म्हटलं की पदर सावरून उठते. 'मृतकाचे प्रमाणपत्र' म्हणा, ती विचारेल, कुठल्या दुकानात मिळतं? आणि 'आवेदन', 'संतान' ही तर मराठीही नव्हे. हिंदी फॉर्म कुणीतरी यंत्रात घातला आणि बाहेर पडलं ते आमच्या माथी मारलं, एवढं ओळखायला मुद्रितशोधक लागत नाही.

परके शब्द काढायलाच हवेत, असं आपल्या बाजूनं कुणी म्हणेल आणि लगेच शिवाजी महाराजांचं नाव घेईल. घ्या की! पण पुरतं घ्या. 1674 ला राज्याभिषेक झाला तेव्हा पेशव्याचा मुख्य प्रधान झाला, मुजुमदाराचा अमात्य, सुरनिसाचा सचिव, डबिराचा सुमंत, सरनौबताचा सेनापती. त्याच सुमारास रघुनाथ पंडितांकडून राज्यव्यवहारकोश करवून घेतला; सुमारे 1,400 फारसी-दखनी शब्द, त्यांना संस्कृत प्रतिशब्द, तेही श्लोकांत बांधलेले. इतिहाससंशोधक वि. का. राजवाड्यांनी पुढे जुनी पत्रं घेऊन शब्द मोजले. आकडे आठवणीतून देतो, एखादा इकडे तिकडे झाला तर पदरात घ्या: 1628 च्या पत्रात शंभरातले 85 शब्द फारसी, 1677 च्या पत्रात 38 च्या आसपास, 1728 च्या पत्रात जेमतेम 6. एवढा फरक शंभर वर्षांत पडला, कारण ज्यानं शब्द बदलले त्याच्या स्वतःच्या कचेरीत ते दुसऱ्या दिवशी वापरात होते. अमात्य खरोखर हिशेब बघत होता, सेनापती खरोखर घोड्यावर होता.

तरीही गंमत बघा. जो 'पेशवा' हटवला, तोच पुढे शंभरावर वर्षं राज्य करून गेला. किल्ल्याला कोशानं दुर्ग म्हटलं, लोक अजून किल्लाच चढतात. आपल्या पक्षातही एखादे सरचिटणीस असतीलच. त्यांच्या 'सर'मध्येही फारसी आणि शेवटच्या 'नीस'मध्येही फारसी. छत्रपतींच्या हुकमाला जे जमलं नाही ते आपल्या संकेतस्थळाच्या ठेकेदाराला जमेल?

ज्यांचे शब्द टिकले त्यांची तऱ्हा वेगळी होती. पोर्तुगीज आले ते बटाटा, पाव, काजू, अननस घेऊन. चावी, बिजागरी, घमेलं, पिंप, फीत, लिलाव, पगार, सगळे त्यांचेच. कुणी परिपत्रक काढलं नव्हतं. वस्तू घरात आली आणि तिचं नाव दारात चप्पल काढून मागोमाग आत आलं. 16 एप्रिल 1853 ला बोरीबंदरहून ठाण्याला गाडी सुटली. लोकांनी बघितलं आत आग आहे, बाहेर गाडी आहे, म्हणाले आगगाडी. स्टेशनाला मात्र नाव शोधत बसले नाहीत, इस्टेशन म्हणून मोकळे झाले. आमची आजी स्टँप पेपरला इष्टाम्प म्हणायची आणि तिचा एकही इष्टाम्प कधी परत आला नाही.

माझ्या धंद्याचंच सांगतो. 1831 मध्ये गणपत कृष्णाजींनी मुंबईत पहिलं मराठी पंचांग छापलं, तेही दगडावर. म्हणून ते शिळाछाप. दुसरीकडे शिशाचे टाइप होते. त्याला 'मुद्राक्षर' असा देखणा शब्द होता, पुस्तकांत वाचलाय. छापखान्यात तो एकदाही ऐकला नाही. तिथे ते खिळे. भिंतीत ठोकतात तो खिळा, तसा दिसतो म्हणून खिळा, आणि ते जुळवणारा तो जुळारी. हा शब्द कुठल्या पंडितानं केला नाही, हात काळे झालेल्या माणसानं केला. आज खिळे भंगारात गेले. शब्द माझ्याबरोबर जाईल, म्हणजे संगणकाच्या हिशेबानं गेलाच.

घडवलेले शब्द रुजतच नाहीत, असं मी म्हणत नाही. सावरकर रत्नागिरीत स्थानबद्ध असताना भाषाशुद्धीच्या मागे लागले. लोकांनी टर उडवली. आज महापौर, दिनांक, क्रमांक, चित्रपट, दिग्दर्शक हे शब्द त्यांचे आहेत हे कुणाला आठवतही नाही. त्या बाजूला कवी माधव जूलियन होते, ज्यांनी स्वतः फारसी-मराठी कोश केला होता. ज्या भाषेचे शब्द काढायचे ती आधी शिकलेला माणूस! 60 च्या दशकात सरकारी पदनाम कोश आला तेव्हा अत्र्यांनी त्याला 'बदनाम कोश' म्हटलं. पण अभियंता, संचालक, अधीक्षक आज कोण हसतं? लिपिक मात्र फक्त पाटीवर राहिला, लोकांना खिडकीत कारकूनच दिसतो. म्हणजे भांडण झालं, हसणं झालं, वर्तमानपत्रांतून धुलाई झाली, आणि त्या चाळणीतून जो शब्द उरला तो आपला झाला. आता भांडायला समोर आहे कोण? यंत्र? त्याला बदनाम म्हणून काय होतं!

परवा तलाठ्याचा ग्राम महसूल अधिकारी झाला. छान. पाटी बदलली, सही घ्यायला माणूस पूर्वीइतकाच सापडत नाही. हीच आपली रीत झाली आहे. पूल पडला की समिती, समिती पडली की नवं नाव. 3 ऑक्टोबर 2024 ला मराठी अभिजात झाली, आम्हीही पेढे वाटले, मी स्वतः पाव किलो आणले होते. अभिजात भाषेत मला जिवंत म्हणायला मात्र 38 दिवस पुरले नाहीत. एकीकडे दोन हजार वर्षांचे पुरावे दिल्लीला द्यायचे आणि दुसरीकडे भावाच्या मरणाचा अर्ज भावाला वाचता येऊ नये असा ठेवायचा, हे कुठलं भाषेवरचं प्रेम?

मागणं फार नाही. प्रत्येक सरकारी फॉर्म लोकांपुढे ठेवण्याआधी गावातल्या पाच माणसांना मोठ्यानं वाचायला द्या. एखादी अंगणवाडीची मदतनीस, एखादा एसटीचा वाहक, दोन म्हाताऱ्या. जिथे ते अडखळतील तो शब्द काढा, मग तो संस्कृत असो, फारसी असो, नाहीतर इंग्रजी. भाषा संचालनालय 1960 पासून आहे, तिथे जाणती माणसं आहेत, त्यांच्या नजरेखालून हे फॉर्म जाऊ द्या. पैसे नसतील तर मी फुकट तपासून देतो. चष्मा आहे, लाल पेन आहे.

आणि त्या यादीत 'भाऊ' घाला. अण्णा हा शब्दही कानडीतून आलाय म्हणतात. आमच्या घरात 71 वर्षं तो मराठीच होता.

अर्जाची पोच सोबत जोडली आहे. उत्तर पाठवाल तेव्हा पाकिटावर माझ्या नावाआधी 'कै.' लिहू नये, ही विनंती.

आपला,
एक मुद्रितशोधक (मयत नव्हे)