मडगावच्या आंटींना, पावातल्या मसाल्यांबद्दल

प्रिय आंटी,

हे पत्र जिना उतरून तुमच्या हातात देता आलं असतं. पण तुमचे आभार मानायला गेलं की तुम्ही "कितें गो" म्हणत विषय बदलता. म्हणून चार लोकांसमोर लिहितेय, आता बदला विषय!

२९ मार्च २०२४, गुड फ्रायडे. सकाळीच तुम्ही बिल्डिंगमधली सगळी पोरं स्वयंपाकघरात गोळा केलीत आणि त्यांच्याकडून हॉट क्रॉस बन, म्हणजे वर क्रूस काढलेले मसाल्याचे गोड पाव, करून घेतलेत. सांगलीहून इथे आल्यापासून नाताळला तुमच्याकडच्या नेवऱ्या, दोदोल, कुळकुळ आमच्याकडे येतात, दिवाळीचा फराळ तुमच्याकडे जातो. खाणंपिणं चालतं, पण सण नेमका कशाचा हे विचारायचं राहूनच जातं. नाताळचं एक बरं असतं, बाळ जन्मलं म्हणून आनंद. पण ज्या दिवशी येशूला क्रुसावर खिळलं, त्या दिवशी गोड पाव का भाजायचा, हे मी पोरांना काय कपाळ सांगणार होते?

तुम्ही ते पीठ मळता मळता सांगितलंत. माझ्या धाकटीच्या पुढ्यात खलबत्ता ठेवलात, दालचिनी, लवंग, जायफळ दिलंत आणि ती कुटत असताना गोष्ट सुरू केलीत. शुक्रवारी संध्याकाळ होत आली होती, दिवस मावळला की यहुद्यांचा शब्बाथ लागणार, मग कुठल्याच कामाला हात लावायचा नाही. म्हणून येशूला घाईघाईत थडग्यात ठेवलं. सुगंधी द्रव्यं लावायचं राहूनच गेलं. त्यासाठी बायका थांबल्या त्या थेट रविवार उजाडेपर्यंत. उजाडताच मसाले घेऊन गेल्या, तर थडगं रिकामं!

यावर आमच्या धाकटीने विचारलं, "मग मसाले वाया गेले?"

तुम्ही हसलात. "वाया कशे जातील? तू आता कुटतेस ते काय?"

आंटी, मी दारातच उभी होते. हे उत्तर मला सात जन्मांत सुचलं नसतं.

मार्चचा उकाडा, त्यामुळे पीठ भराभर फुगत होतं. ओल्या फडक्याखाली बोट घालून बघणाऱ्या प्रत्येक पोराला तुमचं एकच, "राव मरे!" म्हणजे थांब रे! पोदेर, म्हणजे गोव्यातले पाववाले, पूर्वी माडाची सूर (ताडी) घालून पीठ आंबवायचे, हेही त्यातच सांगून झालं. क्रूस काढायला तुम्ही दुधाची पिशवी धुऊन-पुसून घेतलीत, तिचा कोपरा कातरलात आणि आत मैदा-पाण्याची पेस्ट भरलीत. एकाही पोराची रेघ सरळ आली नाही. माझा मुलगा तर चिडून सगळं पुसायला निघाला होता. तुम्ही त्याचा हात धरलात आणि म्हणालात, "खरा क्रूस कोणी रंधा मारून गुळगुळीत केला नव्हता." वर माडाच्या गुळाचा पाक फिरवलात, ती मात्र खास गोव्याची भर. बाकी हा पाव मुळात इंग्रजांचा. तुमच्या आईने तो नैरोबीत असताना शिकून घेतला, हे तुम्ही मोकळेपणाने सांगितलंत. १५९२मध्ये लंडनच्या बेकऱ्यांवर असा मसाल्याचा पाव गुड फ्रायडे, नाताळ आणि मयत सोडून एरवी विकायला बंदी घातली होती म्हणे. पोरांना येशूपेक्षा त्या बेकरीवाल्यांचीच जास्त दया आली, त्याला इलाज नाही.

आमच्या सासूबाईंचं सांगते. त्यांना आधी दोन शंका होत्या. पावात अंडं असणार, ही एक. दुसरी त्यांनी बोलून दाखवली नाही, पण मला कळली. पहिली तुम्ही आपणहून मिटवलीत, अंड्याशिवायच केलंत. दुसरी मिटली ती दुपारी. ट्रे बाहेर आला, जिनाभर दालचिनीचा वास सुटला, पोरं गरम बनवर तुटून पडली आणि तुम्ही एक तुकडाही तोंडात घातला नाहीत. तुमचा उपास होता. एकादशीला स्वतः भगर खाऊन घरादाराला पुरणपोळी वाढणाऱ्या बाईला ते लगेच समजलं. मग त्यांनीच तुम्हाला विचारलं, ईस्टरची, म्हणजे त्या रिकाम्या थडग्याच्या रविवारची, तारीख दरवर्षी बदलते ती का? तुम्ही म्हणालात, चंद्रावर असते, २१ मार्चला किंवा त्यानंतर जी पहिली पौर्णिमा येईल तिच्या पुढचा रविवार. त्यांनी भिंतीवरचं कॅलेंडर काढून बघितलं. २४ला होळी, २५ला पौर्णिमा, ३१ला ईस्टर. "म्हणजे यांचंही पंचांगच की," असं म्हणाल्या आणि एक बन घेऊन बसल्या.

गुरुवार रात्रीपासून चर्चची घंटा का वाजत नाही, हे मुलाने विचारलं तेव्हाही तुम्ही गोड गोड करून सांगितलं नाहीत. दुःखात घंटा बंद असते, शनिवारी रात्री वाजेल, बस. तोवर लाकडी टकटक ऐकायची. आपण मोठी माणसं पोरांना घाईने शेवटच्या आनंदाकडे नेतो. तुम्ही त्यांना मधला शनिवार तसाच राहू दिलात. शनिवारी रात्री पोरगा त्या घंटेसाठी जागा राहिला. रविवारी मार्झिपानची, म्हणजे काजू-साखरेच्या मिठाईची, अंडी मिळाली, पूर्वी चाळीस दिवसांच्या उपासात अंडीही वर्ज्य असायची, म्हणून ती ईस्टरला, हेही त्याला आता पाठ आहे.

मनापासून आभार, आंटी. पावाचे आहेतच, त्या शनिवारचे जास्त.

आता एक काम. मे महिन्यात सांगलीला आजोळी हेच बन करायचे, असा दोघांनी हट्ट धरलाय. तुमचं प्रमाण सगळं 'हाताच्या अंदाजाने', ते मला जमणार नाही. अर्धा किलो मैद्याला यीस्ट किती, तेवढं लिहून द्या. आईकडे ओव्हन नाही; कुकरची रिंग आणि शिट्टी काढून, तळाला मीठ घालून भाजले तर चालतील का?

तुमची,
वरच्या मजल्यावरची शेजारीण