पाणी तपासलेत, आता तळचा गाळही तपासा

मा. पर्यावरणमंत्री,
स.न.वि.वि.

नदीच्या पाण्यात धातूंचे प्रमाण मर्यादेत असल्याचा अहवाल येतो, आपण तो सभागृहात वाचून दाखवता आणि विषय तिथेच मिटतो. अहवाल खोटा नसतो. असे नमुने मी स्वतः प्रयोगशाळेत वर्षानुवर्षे तपासत आले आहे. तरीही त्या कागदाच्या भरवशावर नदी निर्धोक आहे असे कृपा करून म्हणू नका.

शिसे, पारा, कॅडमियम, तांबे यांचा बराचसा भाग पाण्यात फार काळ विरघळलेला राहत नाही. तो मातीच्या बारीक कणांना, लोह-मँगनीजच्या ऑक्साइडांना, कुजलेल्या पालापाचोळ्याला चिकटतो आणि तळाशी जाऊन बसतो. बाटलीत भरलेले पाणी त्या घटकेचेच असते. पंधरा दिवसांपूर्वी मध्यरात्री कुणी काय सोडले, ते पाण्यासोबत केव्हाच पुढे गेलेले असते. गाळात मात्र त्याची नोंद राहते.

एकदा ही नोंद डोळ्यांनी पाहायला या. पारदर्शक नळी तळात रोवून वर काढली की गाळाचे थर जसेच्या तसे दिसतात. वरचा काही मिलिमीटरचा थर तपकिरी, कारण तिथवर ऑक्सिजन पोचतो. त्याखाली काळाकुट्ट चिखल, सडक्या अंड्याच्या वासाचा. आम्ही तो प्लास्टिकच्या पात्याने कापतो, कारण पोलादी पात्याचेच धातू नमुन्यात उतरू शकतात. काप हवेत उघडा राहिला की काळा रंग हळूहळू तपकिरी होऊ लागतो.

हा रंगबदल मला सर्वांत जास्त घाबरवतो. काळ्या थरात कॅडमियम, जस्त, तांबे गंधकाशी बांधलेले असतात, म्हणून गप्प असतात. गाळ उपसून काठावर टाकला की हवा लागते, धातू-गंधकाच्या या संयुगाचे, म्हणजे सल्फाइडचे, ऑक्सिडीकरण होते, आम्ल तयार होते आणि धातू मोकळे सुटतात. पहिल्याच पावसात ते पुन्हा प्रवाहात येतात. किंवा सुपीक म्हणून तोच गाळ शेतात पसरला जातो. कॅडमियम जस्तासारखे असल्याने मुळे ते सहज शोषतात. पीक मात्र हिरवेगार दिसते, त्यामुळे शेतकऱ्याला काही कळायला मार्गच नाही. माणसाच्या मूत्रपिंडात ते दशकानुदशके साठून राहते.

उपसलेला गाळ आधी तपासावा असा आग्रह मी एकदा धरला, तेव्हा एका कार्यालयातून उत्तर आले: पाण्याचे अहवाल चांगले आहेत, मग हा जादा खर्च कशाला? ते उत्तर अजून माझ्या डोक्यातून गेलेले नाही.

खर्चाचेच बोलायचे तर जपानकडे पाहा. जिंझू नदीच्या खोऱ्यात वरच्या अंगाच्या खाणीतले कॅडमियम भातशेतीत उतरले. हाडे ठिसूळ करणारा, असह्य वेदनांचा ‘इताई-इताई’ हा आजार प्रदूषणामुळेच होतो, हे तिथल्या सरकारने 1968 मध्ये मान्य केले. शेतांची माती बदलण्याचे काम 1979 मध्ये सुरू झाले आणि 2012 मध्ये संपले. मिनामाता उपसागरात पाऱ्याचे सांडपाणी 1968 मध्ये थांबले, पण तळचा गाळ हटवून बंदिस्त करायला 1990 उजाडले. सांडपाण्याचा नळ बंद केला, तरी गाळाचा प्रश्न संपत नाही.

म्हणून मागणी साधी आहे. जिथे पाण्याचा नमुना घेतला जातो, तिथेच गाळाचाही घ्या. 63 मायक्रॉनपेक्षा (मायक्रॉन म्हणजे मिलिमीटरचा हजारावा भाग) बारीक भाग वेगळा करून तपासा, नाहीतर वाळू मिसळून आकडे फसवे कमी दिसतात. खोलवरच्या जुन्या थराशी तुलना करा, म्हणजे खडकातून नैसर्गिकरीत्या आलेले किती आणि आपण टाकलेले किती, हे बरेचसे उलगडते. एकूण धातूबरोबरच सहज सुटणारा भागही मोजायला सांगा, कारण धोका मुख्यतः त्यातूनच येतो. आणि उपसा करायचा असेल, तर निविदा काढण्याआधी ही तपासणी व्हावी, काम झाल्यावर नव्हे.

निकाल ‘मर्यादेत’ या एका शब्दात गुंडाळू नका. ठिकाण, खोली, तारीख आणि प्रत्येक धातूचा आकडा जाहीर करा. काठावरच्या शेतकऱ्याला आपल्या शेतात काय पसरले जात आहे, हे पसरण्याआधी कळले पाहिजे.

कळावे,

आपली,
नमुने तपासणारी एक रसायनतज्ज्ञ